चार्ल्स मिनार: गुगल मॅप्सच्या दीडशे वर्षं आधी गर्दीचा नकाशा काढणारा इंजिनियर

सकाळी घरातून निघण्याआधी आपण मोबाईलवर नकाशा उघडतो. रस्ता हिरवा दिसला की निघतो, लाल दिसला की अजून एक कप चहा घेतो. ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्या लाल रेघेकडे आपण नीट बघतही नाही.

ती लाल रेघ फक्त एवढंच सांगते की इथे गाड्या हळू चालल्या आहेत. त्या गाड्यांमधली माणसं कुठून निघाली, कुठे उतरणार आणि एकूण किती आहेत, हे ती सांगत नाही. तुम्हाला फक्त ऑफिसला पोचायचं असेल तर या माहितीशिवाय भागतं. पण नवी रेल्वे कुठून न्यायची, बसचा मार्ग कुठून वळवायचा, पूल कुठे बांधायचा हे ठरवायचं असेल तर नेमकी हीच माहिती लागते.

हा प्रश्न माझ्या डोक्यात एका फाट्यावर शिरला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना मी दोन दिवस एका वाहतूक सर्व्हेसाठी वाहनं मोजायला बसलो होतो. हातात पॅड, त्यावर छापील तक्ता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. एसटी, ट्रक, कार, रिक्षा, दुचाकी, ट्रॅक्टर, सगळ्यांना रकाना होता. महिनाभराने तेच आकडे मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर पाहिले. प्रत्येक रस्ता त्याच्या वाहतुकीएवढा जाड झालेला, आमचा फाटा म्हणजे तीन जाड पट्ट्यांची गाठ. मला वाटलं, काय भारी सॉफ्टवेअर आहे! मग कळलं की ही जाड-बारीक पट्ट्यांची युक्ती सॉफ्टवेअरची नाहीच. ती एका फ्रेंच इंजिनियरने १८४५ मध्ये हाताने कागदावर वापरली होती. त्यांचं नाव चार्ल्स जोसेफ मिनार. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी डी आहे, पण फ्रेंचमध्ये तो बोलत नाहीत, म्हणून मिनार.

आज त्यांचीच गोष्ट सांगतो. त्या ओघात, वाहतुकीचं नियोजन करताना जीआयएस म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली नेमकं काय करते, हेही कळेल.

दिजोंचा मुलगा

मिनार यांचा जन्म २७ मार्च १७८१ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दिजों शहरात झाला. चौथ्या वर्षीच ते लिहू-वाचू लागले. ते आठ वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९६ मध्ये, सोळावं वर्षही पुरं झालेलं नसताना, त्यांना पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये प्रवेश मिळाला. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये गणिती फुरिये होते. इंजिनियरिंग करणाऱ्यांनो, तुमच्या अभ्यासक्रमातली फुरिये सिरीज याच माणसाची.

पुढे ते रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी इंजिनियरांच्या शाळेत गेले आणि तिथून नोकरीला लागले. सुरुवातीची वर्षं कालव्यांवर गेली. तेव्हा जड माल नेण्यासाठी कालवा हाच स्वस्त मार्ग होता. १८१० मध्ये त्यांना अँटवर्प बंदरावर पाठवलं. आज बेल्जियममध्ये असलेलं हे शहर तेव्हा नेपोलियनच्या साम्राज्यात होतं. तिथे शेल्ट नदीत बांधकामासाठी घातलेला तात्पुरता बांध गळायला लागला होता. मिनार यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारे पंप लावून पाणी उपसलं आणि काम वाचवलं.

साम्राज्याच्या शेवटच्या दिवसांत अँटवर्पला शत्रूच्या सैन्याचा वेढा पडला, तेव्हा मिनार तिथे होते. वेढ्यातल्या शहरात माणसांचं काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं. या अनुभवाचा संबंध त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध नकाशाशी आहे. त्याकडे शेवटी येऊ.

रेल्वे आली, आणि एक चुकीची समजूत घेऊन आली

१८३० मध्ये मिनार त्याच पूल आणि रस्त्यांच्या शाळेचे प्रमुख झाले आणि १८३६ पर्यंत त्या पदावर होते. कालव्यांच्या जोडीला ते रेल्वेही शिकवायला लागले. त्यांची १८३३-३४ मधली रेल्वेवरची व्याख्यानं १८३४ मध्ये पुस्तकरूपात आली. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. म्हणजे आज एखाद्या प्राध्यापकाने चार वर्षांपूर्वी आलेल्या तंत्रज्ञानावर पाठ्यपुस्तक लिहावं, तसं हे झालं.

मग १८४२ साल आलं. फ्रान्सने कायदा करून मुख्य रेल्वेमार्गांचं जाळं ठरवलं. पॅरिस मध्यभागी आणि तिथून सीमेकडे, समुद्राकडे निघणारे मार्ग. नकाशावर हे चांदणीसारखं दिसायचं. अनेकांची समजूत अशी होती की रेल्वे म्हणजे दोन मोठ्या शहरांना जोडणारी शक्य तितकी सरळ रेघ. मधली गावं म्हणजे वाटेतले अडथळे. त्यांच्यासाठी वळण घेतलं तर खर्च वाढणार, वेळ वाढणार.

मिनार यांनी १८४२ आणि १८४३ मध्ये दोन निबंध लिहून नेमक्या याच समजुतीला आव्हान दिलं. दोन्हींचा विषय होता अर्धवट प्रवास, म्हणजे रेल्वेमार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न जाता मधेच चढणारे आणि मधेच उतरणारे प्रवासी. त्यांचं म्हणणं असं की रेल्वेचा मोठा धंदा या मधल्या प्रवाशांवर चालतो, फक्त टोकाच्या दोन शहरांवर नाही.

सोपं गणित करून बघू. एका मार्गावर दहा स्टेशनं आहेत. कोणत्याही दोन स्टेशनांची जोडी घेतली तर अशा एकूण ४५ जोड्या होतात. त्यातली टोक ते टोक जोडी फक्त एक. उरलेल्या ४४ जोड्यांमध्ये निदान एक तरी स्टेशन मधलं आहे. प्रत्येक जोडीत सारखेच प्रवासी नसतात, हे खरं. पण ४४ जोड्या विसरून एकाच जोडीसाठी मार्ग आखायचा, यात काहीतरी गडबड आहे हे दिसायला मोठं शिक्षण लागत नाही. एसटीने किंवा पॅसेंजर गाडीने गेलेल्या कुणालाही हे माहीत असतं. पहिल्या स्टॉपला बसलेले शेवटच्या स्टॉपपर्यंत किती जण राहतात, ते आठवून बघा.

आकडे आहेत, पण दिसत नाहीत

मुद्दा पटवायला मिनार यांच्याकडे आकडे होते. अडचण अशी की रकाने भरून आकडे दिले की लोक ते वाचत नाहीत. ही अडचण आजच्या प्रत्येक सरकारी अहवालाचीही आहे.

म्हणून १८४४ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या सॉंत्र कालव्यावरच्या मालवाहतुकीचा एक चित्ररूप तक्ता काढला. तो असा समजून घ्या. एक आडवी रेघ म्हणजे कालवा. तिचे तुकडे म्हणजे एका ठाण्यापासून पुढच्या ठाण्यापर्यंतचा टप्पा. टप्पा जितका लांब, तितका तुकडा रुंद. त्या टप्प्यावरून जितके टन माल गेला, तितकी त्यावरच्या आयताची उंची. आता आयताचं क्षेत्रफळ काय झालं? अंतर गुणिले वजन. आज याला आपण टन-किलोमीटर म्हणतो आणि जगभरातल्या रेल्वे आपली मालवाहतूक याच एककात मोजतात. शाळेतलं लांबी गुणिले रुंदी वापरून त्यांनी वाहतुकीचं काम डोळ्यांना दाखवलं.

पण या तक्त्यात भूगोल नव्हता. कालवा सरळ रेघ झाला होता. रस्त्यांना फाटे फुटतात, ते एकमेकांना मिळतात. ते दाखवायला नकाशाच हवा.

१८४५ चा नकाशा

तो नकाशा मिनार यांनी पुढच्याच वर्षी काढला. वय ६४. विषय त्यांच्या जन्मगावाचाच. दिजोंपासून पूर्वेला म्युलूझ शहरापर्यंत रेल्वे टाकायची होती आणि ती कोणत्या बाजूने न्यायची यावर वाद चालू होता. कोणी एका नदीचं खोरं सुचवत होतं, कोणी दुसऱ्या. प्रत्येक गावाला रेल्वे आपल्याकडून जायला हवी होती. महामार्ग किंवा मेट्रोचा मार्ग ठरताना आपल्याकडे जे होतं, तेच.

मिनार यांनी त्या भागातल्या रस्त्यांवरून सार्वजनिक घोडागाड्यांनी किती प्रवासी जातात, याचे आकडे घेतले. मग प्रत्येक रस्त्यावर त्या संख्येच्या प्रमाणात रुंद पट्टा काढला. समजा १०० प्रवाशांना १ मिलिमीटर धरला, तर ५०० प्रवाशांचा रस्ता ५ मिलिमीटर जाड. फाट्यावर जाड पट्टा दोन बारीक पट्ट्यांत फुटतो. एखाद्या गावापाशी बरेच लोक उतरले की पुढचा पट्टा एकदम अरुंद होतो. शहरांची नावं झाकून ठेवली तरी लोक कुठे जातात हे कळतं.

आज अशा नकाशाला प्रवाह-नकाशा म्हणतात. मिनार हे अगदी पहिले नव्हेत. १८३७ मध्ये हेन्री ड्रुरी हार्नेस यांनी आयर्लंडच्या रेल्वे आयोगासाठी असेच नकाशे केले होते. पण ही पद्धत आयुष्यभर वापरून, सुधारून, शिळाछापावर प्रती काढून लोकांपर्यंत पोचवली ती मिनार यांनीच.

या एका नकाशाने रेल्वेचा मार्ग ठरला असं मी म्हणणार नाही. असे निर्णय एका कागदावर होत नाहीत. आजची रेल्वे दिजोंहून दोल, बझांसों आणि बेलफोर या शहरांवरून म्युलूझला जाते. पण नकाशामुळे वाद कशावर घालायचा, ते बदललं. कोणाची ओळख मोठी, हे बाजूला ठेवून लोक खरोखर कुठून कुठे जातात यावर बोलता यायला लागलं.

हेच काम जीआयएस कसं करतं?

आता शंभरेक वर्षं पुढे येऊ. १९५० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइट आणि मग शिकागो या शहरांचे मोठे वाहतूक अभ्यास झाले. शिकागोच्या अभ्यासात तर एक खास यंत्र वापरलं गेलं, कार्टोग्राफाट्रॉन. लोकांच्या फेऱ्या कुठून कुठे होतात, त्याच्या हजारो रेघा ते पडद्यावर उमटवायचं आणि त्यांचा फोटो निघायचा. ज्या पट्ट्यात रेघांची दाटी, तिथे फोटो उजळ.

याच काळात चार पायऱ्यांचं मॉडेल तयार झालं. आजही कोणत्याही महानगर प्रदेशाचा वाहतूक आराखडा करताना बहुतेक वेळा हेच मॉडेल, किंवा याचं सुधारलेलं रूप वापरतात. मिनार यांचाच दिजोंचा भाग घेऊन बघू.

पहिली पायरी: फेऱ्या किती? सगळा प्रदेश छोट्या विभागांत वाटायचा. प्रत्येक विभागात किती लोक राहतात, किती नोकऱ्या आहेत, शाळा-बाजार किती, यावरून तिथून रोज किती फेऱ्या निघतील आणि तिथे किती येतील याचा अंदाज करायचा.

दुसरी पायरी: कुठून कुठे? दिजोंहून निघालेल्या फेऱ्यांपैकी बझांसोंला किती, म्युलूझला किती? इथे बहुतेक वेळा गुरुत्वाकर्षणासारखं सूत्र वापरतात. गाव मोठं तर ओढ जास्त, लांब असेल तर ओढ कमी. यातून एक मोठा चौकोनी तक्ता तयार होतो, प्रत्येक विभागातून प्रत्येक विभागात जाणाऱ्या फेऱ्यांचा. दहा स्टेशनांच्या ४५ जोड्या आठवा. हा तक्ता म्हणजे त्याच जोड्या, फक्त शेकडो विभागांच्या.

तिसरी पायरी: कशाने? बस, रेल्वे, दुचाकी, कार की पायी. वेळ, खर्च आणि सोय यांवरून वाटणी करायची.

चौथी पायरी: कोणत्या रस्त्याने? प्रत्येक फेरी प्रत्यक्ष रस्त्यांच्या जाळ्यावर टाकायची. कमी वेळाचा मार्ग शोधायचा, त्यावर गर्दी झाली की वेळ वाढतो, मग काही फेऱ्या दुसऱ्या मार्गावर ढकलायच्या. शेवटी प्रत्येक रस्त्यावर किती वाहतूक, तो आकडा मिळतो. तो दाखवायचा कसा? रस्ता त्या प्रमाणात जाड करून. म्हणजे आलो की परत मिनार यांच्या पट्ट्यांवर!

या चारही पायऱ्यांमध्ये जीआयएस लागतं. ते नकाशाचे थर एकावर एक ठेवतं: लोकसंख्येचा थर, रस्त्यांचा, बसथांब्यांचा, जमिनीच्या वापराचा. रस्त्याची प्रत्येक रेघ ही नुसती रेघ राहत नाही, तिच्यामागे एक तक्ता असतो: लांबी, लेन किती, वेग किती, एकेरी की दुहेरी. थांब्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत किती घरं आहेत, नवा पूल टाकला तर कोणत्या गावांचं अंतर किती कमी होतं, अशी उत्तरं काही मिनिटांत मिळतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. मिनार यांनी चालू वाहतूक दाखवली. आजचं मॉडेल वीस वर्षांनंतरची वाहतूकही सांगायला जातं. तो अंदाज असतो. तो बरोबर आहे का हे तपासायला शेवटी प्रत्यक्ष रस्त्यावरचे मोजलेले आकडेच लागतात, म्हणजे फाट्यावर पॅड घेऊन बसलेली पोरं, किंवा आता कॅमेरे आणि फोनचा डेटा.

रिटायर झाल्यावर खरी कारकीर्द

२७ मार्च १८५१ रोजी मिनार सत्तर वर्षांचे झाले आणि नियमाप्रमाणे निवृत्त झाले. पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यांनी नकाशे काढण्यात घालवली. रेल्वे आणि कालव्यांवरचा माल, प्रवासी, इंग्लंडचा कोळसा, जगभरातलं स्थलांतर, सगळं पट्ट्यांमध्ये.

१८५८ मध्ये त्यांनी पॅरिसला कोणत्या जिल्ह्यातून किती मांस पुरवलं जातं याचा नकाशा काढला. प्रत्येक जिल्ह्यावर एक वर्तुळ आणि त्या वर्तुळाच्या आत मांसाच्या प्रकारांनुसार पाचरी. आज स्प्रेडशीटमध्ये आपण जो पाय चार्ट काढतो, तो त्यांनी नकाशावर बसवला.

त्यांचा आणखी एक नकाशा तर थेट आजच्या जीआयएसच्या वर्गात शिकवावा असा आहे. पॅरिसचं मुख्य पोस्ट ऑफिस नव्या जागी हलवायचं होतं. कुठे? मिनार यांनी शहराच्या प्रत्येक विभागावर तिथल्या लोकसंख्येच्या प्रमाणात चौकोन काढला आणि या सगळ्या चौकोनांचा तोल जिथे सांभाळला जाईल तो बिंदू शोधला. एखादं ताट बोटावर तोलताना आपण जो बिंदू शोधतो तसा. आज गोदाम कुठे ठेवायचं, ॲम्ब्युलन्स कुठे उभी करायची हे ठरवायला जीआयएसमध्ये या जातीची साधनं तयार मिळतात.

आणि एका नकाशाचं नातं थेट आपल्या मातीशी आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. युरोपच्या गिरण्यांना सगळ्यात जास्त कापूस अमेरिकेतून जायचा, तो अडकला. मिनार यांनी युरोपात आलेल्या कापसाचे १८५८, १८६४ आणि १८६५ या वर्षांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या नकाशात अटलांटिकवरून येणारा पट्टा अजगरासारखा जाड, हिंदुस्थानचा त्यामानाने बारीक. १८६४ मध्ये अमेरिकेचा पट्टा सुतासारखा होतो आणि हिंदुस्थानातून निघून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जाणारा पट्टा फुगतो. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला, म्हणून तो वळसा.

त्या फुगलेल्या पट्ट्यात खानदेश आणि वऱ्हाडातला कापूस होता. त्या वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरचा सट्टा रंगला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो फुगा फुटला. मुंबईच्या त्या तेजी-मंदीच्या कथा आपल्याकडे बऱ्याच सांगितल्या जातात. तिचं मूळ कारण मिनार यांच्या तीन नकाशांत एका नजरेत दिसतं. पण तो पट्टा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर सुरू होतो. शेतापासून बंदरापर्यंतच्या बैलगाड्या त्यात नाहीत. नकाशा जिथून सुरू केला, तिथूनच दिसतो.

शीर्षकातला एक प्रामाणिक शब्द

कापसाचे जाड पट्टे समुद्रात मावेनात, तेव्हा मिनार यांनी समुद्रच रुंद केला. इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी, जिब्राल्टरची सामुद्रधुनी, सगळं ताणलं. भूगोलाच्या मास्तरांना हे चालणार नाही. पण त्यांचा हेतू किनारा दाखवणं नव्हता, प्रमाण दाखवणं होता. त्यासाठी काय वाकवलं, हे त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या बहुतेक नकाशांच्या शीर्षकातच ते लिहीत की हा नकाशा चित्ररूप आणि अंदाजे आहे.

हा अंदाजे शब्द मला फार आवडतो. आपल्या ॲपमध्ये २३ मिनिटं असं लिहून येतं. ते अंदाजे २३ असतं. आराखड्यात वीस वर्षांनंतर इतके प्रवासी असं छापून येतं. तेही अंदाजेच असतं. आकडा जितका नेमका दिसतो, तितका आपल्याला तो खरा वाटतो.

शेवटचा नकाशा

२० नोव्हेंबर १८६९. वय ८८. मिनार यांनी नेपोलियनच्या १८१२ च्या रशियावरच्या स्वारीचा नकाशा प्रसिद्ध केला. रेल्वे प्रवाशांसाठी तयार केलेली तीच पट्ट्यांची पद्धत, पण आता पट्टा म्हणजे सैनिक. सुरुवातीला ४,२२,००० माणसांचा रुंद पट्टा मॉस्कोकडे निघतो आणि पावलोपावली आक्रसत जातो. परतीचा पट्टा काळा आहे. खाली थंडीचं तापमान दिलंय. शेवटी उरतात १०,०००. कुठेही रक्त नाही, प्रेत नाही, फक्त एक रेघ बारीक होत जाते. अँटवर्पचा वेढा पाहिलेल्या माणसाने आयुष्यभराचं हत्यार शेवटी युद्धाचा हिशेब मांडायला वापरलं. आज डेटा व्हिज्युअलायझेशनच्या जवळजवळ प्रत्येक कोर्समध्ये हा नकाशा दाखवतात.

पुढच्याच वर्षी युद्ध त्यांच्या दारात आलं. प्रशियाचं सैन्य पॅरिसकडे निघालं होतं. सप्टेंबर १८७० मध्ये, शहराला वेढा पडण्याच्या काही दिवस आधी, ८९ वर्षांचे मिनार कुबड्यांवर चालत, थोडंसं सामान घेऊन कुटुंबासह बॉर्दोला निघाले. पुस्तकं, कागद, जमवलेली माहिती पॅरिसमध्ये राहिली. २४ ऑक्टोबर १८७० रोजी बॉर्दोमध्ये तापाने त्यांचं निधन झालं. ज्यांनी आयुष्यभर लोकांच्या प्रवासाचे पट्टे काढले, ते स्वतः युद्धापासून पळणाऱ्यांच्या पट्ट्यात शेवटी सामील झाले.

आपल्या फाट्यावर परत

सुरुवातीला सांगितलेल्या त्या सर्व्हेच्या तक्त्याकडे परत येतो. त्यात सगळ्या वाहनांना रकाना होता. चालणाऱ्यांना नव्हता. फाट्याच्या पलीकडे वस्ती, अलीकडे शाळा. रोज सकाळी पोरं रांगेने रस्ता ओलांडायची, बायका डोक्यावर ओझं घेऊन जायच्या. मी त्यांच्याकडे बघत वाहनं मोजत होतो. पहिल्या दिवशी मी कागदाच्या कोपऱ्यात त्यांचीही मोजणी केली, पण डेटा भरताना ती कुठे भरायची हा प्रश्न आला आणि तो कोपरा तसाच राहिला. स्क्रीनवरच्या त्या सुंदर जाड पट्ट्यांमध्ये ही माणसं शून्य होती. आता तिथे रस्ता रुंद झालाय, मधे दुभाजक आलाय, आणि शाळेला जायला लांबचा वळसा पडतो.

हा प्रश्न एका फाट्यापुरता नाही. २००८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतूक अभ्यासात घरोघरी जाऊन लोकांना विचारलं गेलं, तेव्हा जवळपास निम्म्या फेऱ्या पायी होतात असं दिसलं. विचारलं म्हणून दिसलं. फक्त वाहनं मोजली असती तर ही निम्मी मुंबई नकाशावर आलीच नसती.

मिनार यांच्या १८४५ च्या नकाशातही हीच फट आहे. तिथे फक्त सार्वजनिक घोडागाड्यांचे प्रवासी आहेत. भाडं परवडत नाही म्हणून चालत गेलेला शेतमजूर नाही. पण त्यांनी शीर्षकातच लिहिलं की हे सार्वजनिक गाड्यांचे प्रवासी आहेत. काय मोजलं ते सांगितलं, त्यामुळे काय मोजलं नाही ते आपल्याला आज तरी कळतं.

आजचा डेटा आपल्या खिशातून जातो. लोकेशन चालू असलेला फोन म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ज्यांच्याकडे असा फोन नाही ते आजी-आजोबा, शाळकरी पोरं, मजूर, ते ठिपका होत नाहीत. पूर्वी मधल्या स्टेशनांवरची माणसं सरळ रेघेत हरवत होती, आता ती डेटात हरवू शकतात.

म्हणून एक छोटा प्रयोग करून बघा. क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यासाठी फक्त लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून आपल्या गावातले रस्ते त्यात घ्या. सकाळी एक तास एका चौकात बसा आणि वाहनांबरोबर चालणारेही मोजा. मग प्रत्येक रेघेच्या तक्त्यात तो आकडा भरा आणि रेघेची जाडी त्या आकड्याला जोडा. दहा मिनिटांत तुमचा स्वतःचा मिनार-नकाशा तयार होईल. वर शीर्षकात काय मोजलं ते लिहा आणि पुढे अंदाजे हा शब्द लिहायला विसरू नका.

आणि पुढच्या वेळी वर्तमानपत्रात नव्या रस्त्याचा रंगीत नकाशा आला की आधी एवढंच बघा: यात कोणाला रकाना दिलाय, आणि कोणाला नाही.